खरखर येते, पण स्टेशन लागत नाही: हाताने बनवलेल्या एफएम रेडिओची दुरुस्ती

मीटर हातात घेण्याआधी कान द्या. हाताने बनवलेला एफएम रिसीव्हर नीट चालत नसला की त्याचं रडगाणं पुढच्यापैकी एखादं असतं, आणि ते ओळखलं की अर्धा शोध संपतो.

खरखर भरपूर, पण चाक कितीही फिरवा, एकही स्टेशन नाही. माझ्याकडे सर्वात जास्त हेच येतं.

अजिबात आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.

एक-दोन स्टेशनं लागतात, पण नेमकी नको तिथे. आकाशवाणी सातारा १०३.१ वर असते, तुमच्या डायलवर ती सापडतच नाही किंवा अगदी टोकाला चिकटून बसते.

चाक केसभर हललं की अख्खा बँड निघून जातो.

हात जवळ नेला की स्टेशन पळतं, हात काढला की परत येतं.

आवाज वाढवला की बुलेट सुरू केल्यासारखी फटफट, नाहीतर शिट्टी.

चार्जरवर लावला की घूं घूं, सेलवर ठीक.

एकच स्टेशन जवळजवळ दोन-तीन जागी लागतं.

साताऱ्यात राजवाड्याच्या अंगाला माझं दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. डिसेंबर लागला की शाळा-कॉलेजांची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात आणि पोरं पुठ्ठ्याच्या खोक्यात रेडिओ घेऊन येतात. "काका, आयसी गेलाय. नवीन द्या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही. आयसी सहसा गेलेला नसतो. एफएममध्ये तारेची लांबी हासुद्धा एक पार्टच असतो, आणि तो पार्ट सर्किटच्या चित्रात काढलेला नसतो. सगळी गोम तिथे आहे.

कोणत्या सर्किटबद्दल बोलतोय

बहुतेक पोरं टीडीए ७००० वापरतात. फिलिप्सने १९८३ च्या सुमारास आणलेला हा अठरा पायांचा आयसी. साध्या एफएम रेडिओत १०.७ मेगाहर्ट्झची आयएफ असते (स्टेशनची लहर आत ज्या कमी फ्रिक्वेन्सीवर उतरवून घेतात ती), त्यासाठी फिल्टर आणि कॉइल लागतात, त्या जुळवाव्या लागतात. या आयसीत आयएफ फक्त ७० किलोहर्ट्झ ठेवली आहे. स्टेशनचा आवाज लहरीला ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे हलवतो. तो हेलकावा आयसी आतल्या आत १५ किलोहर्ट्झवर दाबून आणतो, म्हणून एवढ्या कमी आयएफवर काम भागतं आणि फिल्टरचं काम चार-दोन कपॅसिटर करतात. जुळवायला एकच कॉइल उरते. म्हणूनच नवख्यासाठी हा आयसी चांगला, आणि म्हणूनच सगळी भांडणंही त्या एका कॉइलशी.

त्याच्या पुढे आवाज वाढवणारा अँप्लिफायर आयसी एलएम ३८६, आठ ओहमचा स्पीकर, आणि चार पेन्सिल सेल म्हणजे सहा व्होल्ट. एलएमला सहा व्होल्ट थेट, टीडीएला १०० ओहममधून. यापुढचे सगळे आकडे याच जोडणीचे. तुमचा आयसी वेगळा असेल तर पायांचे नंबर बदलतील, तपासण्याचा क्रम बदलणार नाही.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी रेडिओची नाहीच, जागेची आहे. त्याच टेबलावर कंपनीचा एखादा रेडिओ किंवा एफएम असलेला मोबाइल ठेवा. मोबाइलला वायरचा हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच त्याची अँटेना असते. त्यावर १०३.१ स्वच्छ लागतं का? एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. आपल्याकडे डोंगरांना काय तोटा! एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वर. मेढ्याच्या एका मुलाने दोन रविवार घालवले होते. रेडिओ त्याच्या घरी मुका, माझ्या दुकानात ठेवल्याबरोबर बोलायला लागला. त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की घरी गच्चीवर जाऊन बघ.

त्याच वेळी खोलीतले एलईडी दिवे, चार्जर, सीसीटीव्हीचा अडॅप्टर बंद करून बघा. स्वस्तातले एलईडी दिवे एफएम बँडवर भरपूर कचरा टाकतात. दिवा बंद केल्यावर स्टेशन वर आलं तर तुमच्या बोर्डाचा दोष नाही.

दुसरी तपासणी सेलची. मोबाइलचा चार्जर काढून ठेवा आणि आधी सेलवरच रेडिओ चालू करा. चार्जरच्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं आणि त्याची घरघर थेट ऑसिलेटरवर बसते, म्हणजे स्टेशन पकडायला रेडिओ स्वतः जी लहर बनवतो तिच्यावर. एफएममध्ये ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी थरथरली की ती थरथर आवाज होऊनच बाहेर पडते. घूं घूं येण्याचं कारण एवढंच.

व्होल्टेज सेलच्या टोकांवर मोजू नका, आयसीच्या पायावर मोजा. एलएम ३८६ च्या ६ नंबरवर सहाच्या आसपास. टीडीएच्या ५ नंबरवर साधारण ५.२, कारण तो सुमारे ८ मिलिअँप खातो आणि १०० ओहममध्ये ०.८ व्होल्ट पडतो. ५ नंबरवर पूर्ण ६ दिसले तर आनंदी होऊ नका. त्याचा अर्थ आयसी वीज खातच नाहीये: एकतर १६ नंबरचा ग्राउंड सुटलाय किंवा पाय सॉकेटच्या बाहेर वाकलाय. दोनच व्होल्ट दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहे.

एकूण किती वीज जाते तेही बघून घ्या. आवाज शून्यावर ठेवून मीटर सेलच्या वायरीत मालिकेत लावला की १२ ते १६ मिलिअँप यायला हवेत. चार-पाचच आले तर फक्त एलएम जागा आहे. पन्नासच्या वर गेले तर लगेच सेल काढा आणि डाग (कथलाचे जोड) तपासा.

स्पीकरपासून मागे चला

मुका रेडिओ नेहमी स्पीकरच्या बाजूने उलटा तपासायचा. स्पीकरच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, "टक" झालं पाहिजे. मग एलएम ३८६ च्या ३ नंबरला ओल्या बोटाने स्पर्श करा. (रेडिओ सेलवर असेल तरच हे करायचं.) स्पीकरमधून घूं आलं तर अँप्लिफायर बरा आहे. ५ नंबरवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे तीनच्या आसपास व्होल्ट हवेत. ते शून्य किंवा सहा असतील तर एलएम खरंच गेलाय. या सर्किटमध्ये खरोखर मरणारा आयसी असलाच तर हा, कारण पोरं चालू रेडिओत स्पीकरच्या वायरी एकमेकींना लावतात.

अँप्लिफायर बोलतोय आणि तरी पूर्ण शांतता? मग टीडीएच्या २ नंबरवरचा २२ किलोओहमचा रेझिस्टर बघा. हा पाय आवाज करंटच्या रूपात बाहेर देतो. पुरवठ्याकडे जाणारा हा रेझिस्टर नसेल तर त्या करंटचं व्होल्टेज कशावर होणार? झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेल्या सर्किटात हा रेझिस्टर हमखास गळालेला असतो. त्याच्या जोडीला १.८ किंवा २.२ नॅनोचा कपॅसिटर लागतो. आपल्याकडे स्टेशनं वरचे स्वर मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओने ते ५० मायक्रोसेकंदांच्या हिशोबाने उतरवायचे असतात. २२ किलोओहम गुणिले २.२ नॅनो म्हणजे ४८, बरोबर बसतं. तो नसेल तर निवेदिकेचा प्रत्येक "स" कानात टोचतो, पण रेडिओ बंद पडत नाही.

खरखरीवर विश्वास ठेवू नका

बहुतेक जण इथे फसतात. मीही फसलोय.

साध्या रेडिओत खरखर ऐकू आली म्हणजे पुढचा सगळा मार्ग जिवंत आहे असं आपण धरतो. टीडीए ७००० मध्ये तसं नाही. स्टेशन नीट लागलेलं नसताना हा आयसी खरा गोंगाट दाबून टाकतो आणि त्याच्या जागी स्वतः बनवलेली खरखर सोडतो. चाक फिरवणाऱ्याला रेडिओ बंद पडल्यासारखं वाटू नये म्हणून केलेली ही सोय. ३ नंबरवरचा २२ नॅनोचा कपॅसिटर तिच्यासाठीच असतो. तेव्हा कॉइल जोडलेली नसली, अँटेना तुटलेली असली, ऑसिलेटर मेलेला असला, तरी खरखर येतच राहते. ती ऐकून पोरगं म्हणतं, "काका, बाकी सगळं चालू आहे, फक्त स्टेशन येत नाही." बाकी काहीही चालू नसतं.

खरं काय ते बघायचं असेल तर १ नंबर आणि ५ नंबर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर तात्पुरता लावा. दाबण्याची ती सोय बंद पडते आणि आता येतो तो आतला खरा गोंगाट. अँटेनाला हात लावल्यावर त्याचा पोत बदलला, अधेमध्ये कुठेतरी बोलणं पुसट ऐकू आलं, तर मार्ग जिवंत आहे. ढिम्म फरक पडला नाही तर कॉइलकडे वळा.

रेझिस्टर तसाच ठेवला तर एकच स्टेशन जवळजवळच्या दोन-तीन जागी लागेल. आयएफ ७० किलोहर्ट्झ असल्यामुळे स्टेशनचं प्रतिबिंब १४० किलोहर्ट्झवरच उभं असतं, आणि एरवी ते ही दाबण्याची सोयच झाकून ठेवते. तपासणी झाली की तो काढायचा. "एक स्टेशन तीनदा लागतं" म्हणून आलेल्या एका रेडिओत कुणीतरी तो कायमचा डागून ठेवला होता.

कॉइल, आणि तिच्यावरचं इनॅमल

वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार चकचकीत असते आणि पोरांना ती उघडी वाटते. तिच्यावर इनॅमलचा थर असतो. ब्लेडने खरवडून तांब्याचा लालसर रंग दिसेपर्यंत तो काढला नाही तर डाग वरवर बसतो, सुंदर चमकतो, आणि आत वीज जात नाही.

तपासणी दहा सेकंदांची आहे. कॉइल टीडीएच्या ५ आणि ६ नंबरच्या मध्ये असते, म्हणजे डीसीला ती नुसती तार. रेडिओ बंद करून मीटर बीपवर ठेवा आणि ५-६ मध्ये लावा. वाजला पाहिजे. चालू असताना ६ नंबरवर ५ नंबरइतकेच व्होल्ट दिसले पाहिजेत. नाही दिसले तर कॉइल काढा, टोकं खरवडा, आधी नुसत्या टोकांना कथील लावून घ्या आणि मग बसवा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी तीन आयसी बदलल्यावर ही गोष्ट मला कळली. तिन्ही आयसी चांगले होते, अजून डब्यात आहेत.

मग कॉइलचं माप. हवी ५६ नॅनोहेन्री. ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटाच्या दांड्यावर २२ गेजच्या तारेचे चार वेढे घ्या आणि बिट काढून वेढे ६ ते ७ मिलिमीटर लांब होतील एवढे ताणा. तेवढ्यात ती बसते. तिच्या जोडीला ८८ मेगाहर्ट्झला साधारण ५८ पीएफ (पिकोफॅरड) आणि १०८ ला ३९ पीएफ लागतात. फरक वीस पीएफचा, आणि प्लॅस्टिकच्या गँगच्या (चाकाने फिरणाऱ्या कपॅसिटरच्या) एफएम भागात जवळपास तेवढाच असतो. उरलेले ३९ फिक्स कपॅसिटर, ट्रिमर (पेचकसाने जुळवायचा छोटा कपॅसिटर) आणि बोर्डाची स्वतःची दोन-चार पीएफ मिळून भरायचे.

त्याच गँगमध्ये एएमचे भागही असतात आणि ते कितीतरी मोठे असतात. चुकून तो पाय जोडला की चाक केसभर हललं तरी बँड निघून जातो. पाय बदला, काम झालं.

कपॅसिटरवरचे आकडेही याच वेळी वाचून घ्या. १०४ म्हणजे १०० नॅनो, २२३ म्हणजे २२ नॅनो, ३३१ म्हणजे ३३० पीएफ. आणि ३३० लिहिलेला कपॅसिटर ३३० पीएफचा नसतो, तो ३३ पीएफचा असतो. शेवटचा आकडा शून्यांची संख्या सांगतो, आणि इथे ती शून्य आहे. या एका चुकीपायी आलेले रेडिओ मी मोजणं सोडून दिलंय.

ऑसिलेटर चालतो का, आणि कुठे?

यासाठी कुठलंही महागडं यंत्र नको. कंपनीचा रेडिओ तुमच्या बोर्डापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि जिथे स्टेशन नाही अशा जागी लावा, म्हणजे तो नुसता खरखरेल. आता तुमचं चाक सावकाश फिरवा. एखाद्या जागी त्या दुसऱ्या रेडिओची खरखर अचानक गप्प झाली तर तुमचा ऑसिलेटर नेमका त्या फ्रिक्वेन्सीवर आहे. टीडीएची आयएफ ७० किलोहर्ट्झच असल्यामुळे तुमचा रेडिओही जवळपास तिथेच लागलेला असतो. १०.७ आयएफचं किट असेल तर ऑसिलेटर स्टेशनच्या १०.७ वर असतो, म्हणून तुमचा डायल ९० वर असेल तर शांतता १००.७ वर शोधा.

पूर्ण बँडभर कुठेच शांतता सापडली नाही तर ऑसिलेटर बंद आहे किंवा बँडच्या बाहेर गेलाय. बहुधा बाहेरच, आणि बहुधा खाली. का, ते सांगतो.

मी रेडिओ शिकलो तो मध्यम लहरींवर. आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर असते, तिची लहर सुमारे २४० मीटर लांब. तिथे वीतभर वायर इकडची तिकडे केली तरी काही बिघडत नाही. १०३.१ मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरही भरत नाही. इथे एक सेंटिमीटर सरळ तारसुद्धा आठ-दहा नॅनोहेन्री घेऊन येते. कॉइलचे पाय मिळून दोन सेंटिमीटर जास्त राहिले की ५६ च्या जागी ७४ नॅनोहेन्री होतात, आणि ८८ ते १०८ चा डायल घसरून ७६ ते ९४ चा होतो. त्यात १०३.१ कसं सापडणार? बिचारा रेडिओ उत्तम चालतोय, फक्त जिथे कुणी बोलत नाही तिथे कान लावून बसलाय.

ब्रेडबोर्डवर तर विचारूच नका. शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पीएफ असतात. ४३ पीएफच्या जागी ४७ झाले की १०३ च्या खुणेवर रेडिओ ९८ च्या आसपास ऐकत बसतो, आणि क्लिप हलली की तिथूनही निघतो. ब्रेडबोर्डवर एलएम ३८६ खुशाल लावा, टीडीए नको.

बँड वर आहे की खाली हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. रेडिओ चालू ठेवून कॉइलच्या पोकळीत पितळेचा स्क्रू प्लॅस्टिकच्या नळीला अडकवून हळूच घाला. पितळ फ्रिक्वेन्सी वर नेतं. पितळ घातल्यावर स्टेशन आलं तर वेढे थोडे फाकवा. जुन्या टीव्हीच्या कॉइलमधला काळा फेराइटचा तुकडा उलटं करतो. तो घातल्यावर स्टेशन आलं तर वेढे जवळ आणा. एका वेळी अर्धा मिलिमीटरच हलवा आणि त्यासाठी प्लॅस्टिकची काडीच वापरा. लोखंडी पेचकस जवळ नेला की तोच फ्रिक्वेन्सी बदलतो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला जुळवत बसता.

हात लावला की पळणारं स्टेशन

गँगचा दांडा ज्या पायाला आतून जोडलेला आहे तो पाय टीडीएच्या ६ नंबरला गेला असेल तर तुमचं बोट थेट ऑसिलेटरवर असतं. तो पाय ५ नंबरच्या बाजूला घ्या. पण ५ नंबर म्हणजे पुरवठा, तो लहरींच्या दृष्टीने ग्राउंडसारखा शांत हवा. म्हणून ५ आणि १६ च्या मध्ये १०० नॅनोचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय अगदी छाटून, आयसीला चिकटून. तो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असला तर नसल्यातच जमा.

हात न लावताही अर्ध्या तासात स्टेशन सरकत असेल तर कॉइल हलतेय किंवा फिक्स कपॅसिटर गरमीने बदलतोय. तिथे एनपीओ जातीचा, गरमीने न बदलणारा कपॅसिटर लावा. जुळवणी झाल्यावर कॉइलवर मेणबत्तीचं मेण ओता. मेणाने फ्रिक्वेन्सी किंचित खाली येते, तेव्हा ट्रिमर पुन्हा एकदा बघावा लागतो.

अँटेना म्हणजे ७३ ते ७५ सेंटिमीटरची साधी वायर, लहरीचा पाव भाग. पाच मीटर वायर टांगून जास्त स्टेशनं मिळतील ही समजूत आहे. टॉवरच्या जवळ राहत असाल तर उलट तेच एक स्टेशन डायलभर पसरतं.

फटफट आणि शिट्टी

टीडीएच्या २ नंबरवर सुमारे ७५ मिलिव्होल्टचा आवाज मिळतो. एलएम ३८६ च्या १ आणि ८ मध्ये काही न लावता तो वीस पट वाढवतो. म्हणजे दीड व्होल्ट, आठ ओहमच्या स्पीकरला पाव वॉटपेक्षा जास्त. खोलीभर पुरतं. तरीही प्रत्येक पोरगं १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड लावून दोनशे पट करतं. हिशोबाने पंधरा व्होल्ट व्हायला हवेत, सेल सहा व्होल्टचे! तो कपॅसिटर काढून टाका. निम्म्या फटफट्या तिथेच बंद होतात.

उरलेल्यांसाठी एलएमच्या ६ नंबरजवळ २२० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनो, आणि त्याच्याच ५ नंबरपासून ग्राउंडला १० ओहम व ४७ नॅनो मालिकेत. सेल दमले की त्यांचा आतला अडथळा वाढतो, मोठ्या आवाजाला व्होल्टेज खाली बसतं, टीडीएची फ्रिक्वेन्सी हलते, आवाज तुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं. फटफट म्हणतात ती हीच. १०० ओहमनंतर टीडीएच्या बाजूलाही १०० मायक्रोफॅरड हवा, त्याचं कारण हेच.

आयसी सर्वात शेवटी

इतकं सगळं झाल्यावर आयसीला हात लावा. सॉकेट लावलेलं असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर अठरा पाय उचकटताना बोर्डाची तांब्याची पट्टी निघते आणि नवीन दुखणं सुरू होतं. हा आयसी जुना आहे, बाजारात पुन्हा नाव छापलेलाही मिळतो. म्हणून तो आधी चालत्या रेडिओत घालून बघायचा. तशी सोय नसेल तर ज्याच्याकडे चालता रेडिओ आहे त्याच्याकडे जा.

इथे थांबा

थेट २३० व्होल्टवर चालणारा, ट्रान्सफॉर्मर नसलेला पुरवठा कुणी रेडिओला जोडला असेल तर प्लग काढा आणि बोर्ड जाणत्या मेकॅनिककडे न्या. यात "जरा बघतो" नाही. ट्रान्सफॉर्मर असूनही तो गरम होत असेल, वास येत असेल, किंवा ग्राउंडला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तरीही तेच.

अँटेनासाठी छपरावर पाइप उभा करायचा असेल आणि जवळून विजेच्या तारा जात असतील तर ते काम वायरमनचं आहे, तुमचं नाही. वळवाचे ढग आले की बाहेरची अँटेना काढून ठेवा.

सेलऐवजी लॅपटॉपमधून काढलेला लिथियम सेल लावला असेल आणि तो फुगला असेल, तर रेडिओ राहू द्या, आधी तो सेल बाजूला.

आणि कृपा करून, बँड जुळवायला म्हणून छोटा ट्रान्समीटर बनवू नका. परवान्याशिवाय तो चालवणं गुन्हा आहे. वीतभर अंतरावरच्या दुसऱ्या रेडिओने तेच काम होतं, हे वर सांगितलंच आहे.

याशिवायची एक थांबण्याची जागा आहे. कॉइल मीटरवर वाजतेय, व्होल्ट बरोबर, पाय छाटलेले, आयसी चालत्या रेडिओत तपासलेला, आणि तरी दुसऱ्या रेडिओवर ऑसिलेटरची शांतता सापडत नाही. आता फ्रिक्वेन्सी काउंटर किंवा सिग्नल जनरेटर लागेल, आणि तो जवळच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत असतो. तिथे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे जाल तेव्हा सर्किटचं चित्र, वापरलेले सेल आणि मोजलेल्या व्होल्टची चिठ्ठी बरोबर न्या. बोर्ड मात्र धुऊनपुसून, डाग पुन्हा ओढून, "नीटनेटका" करून आणू नका. जसा बिघडला तसाच आणा.